लंकेतलं गाऱ्हाणं

आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की वॉचमन लिफ्टच्या कंपनीला फोन लावत नाही. आधी तात्यांना लावतो. तात्या सहाव्या मजल्यावरून जिन्यानं उतरतात, चपला काढतात, लिफ्टच्या बंद दारासमोर हात जोडून उभे राहतात आणि खणखणीत आवाजात सुरू करतात, "बा देवा म्हाराजा!"

वॉचमन मूळचा बिहारचा. पण आता तो तयार झालाय. तो ओरडतो, "व्हय म्हाराजा!"

"आज जी काय ही लिफ्ट दोन माळ्यांच्या मधी अडाकली हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्यात कोणाची नजर लागली आसात, कोणाचां काय चुकला-माकला आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"तर तां पोटात घाल, आणि हिका आपल्या मार्गाक लाव रे म्हाराजा!"

यावरचा शेवटचा होकार लिफ्टमधून, आत अडकलेल्या माणसाकडूनही येतो. मीही एकदा दिलाय. मी रसायनशास्त्राची पदवीधर, विमा कंपनीत अधिकारी, देवाधर्माचं मला फारसं नाही. पण हातात दुधाच्या पिशव्या, अंगावर ऑफिसचे कपडे आणि वर मिणमिणता दिवा असला की माणूस कशालाही हो म्हणतो. लिफ्ट सुरू झाली. बाहेर आले तर तात्या चपला घालत होते. "घाबरायचं नाय गो मेधा, वर सांगितलंय," एवढं बोलून ते जिन्यानं सहा मजले चढून गेले. लिफ्टवर त्यांचा स्वतःचा मुळीच विश्वास नाही.

तात्या घाडीगावकर आमचे शेजारी. भोईवाड्यात पूर्वी चाळ होती तिथे आता टॉवर झालाय, आणि चाळीत समोरासमोर राहणारे आम्ही टॉवरमध्येही हट्टानं समोरासमोर राहिलो आहोत. तात्यांचे वडील गिरणीत, तात्या स्वतः शिवडीला एका गोदामात. जहाजातून उतरलेला माल मोजून घ्यायचा, ही नोकरी. पण ही सगळी पोटापाण्याची गोष्ट. तात्यांची खरी ओळख म्हणजे गावच्या देवळात त्यांच्या घराण्याला घाडी म्हणून गाऱ्हाणं घालायचा मान आहे. कोकणात काहीही सुरू करायचं असलं, काही अडलं, की चार माणसांसमोर देवाला साकडं घालतात. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्यात आपला आवाज मिसळायचा. गावात हे वर्षातून काही ठरावीक वेळा होतं. तात्यांनी ते भोईवाड्यात रोजचं करून टाकलं.

पाण्याचा पंप चालेना, गाऱ्हाणं. सोसायटीच्या सभेला माणसं जमेनात, गाऱ्हाणं. माझ्या नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढल्याचं त्यांना कुठून तरी कळलं, तर भर लॉबीत, कुरिअरवाला, भाजीवाली आणि तळमजल्यावरच्या क्लासची मुलं यांच्या साक्षीनं त्यांनी "ह्या विवेकाच्या रगतातली चरबी उतरव रे म्हाराजा" अशी मागणी केली. क्लासच्या मुलांनी काय दणक्यात "व्हय म्हाराजा" म्हटलं! विवेक आठवडाभर मागच्या गेटनं ये-जा करत होता. चरबी उतरली हे खरं. पण ती जिन्यानं चढण्या-उतरण्यानं उतरली असं माझं मत आहे, कारण लॉबी टाळायला लिफ्टही टाळावी लागायची.

एक मात्र आहे. तात्या स्वतःसाठी कधी काही मागत नाहीत. त्यांच्या गुडघ्यानं दगा दिला तेव्हा मीच म्हटलं, "तात्या, घाला की एक गुडघ्यासाठी." तर माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. "घाडी मागता तो दुसऱ्यासाठी. स्वतःसाठी मागूक लागलो तर तो घाडी कसलो? तो गिऱ्हाईक."

आणि माई? माई म्हणजे तात्यांची बायको. ठेंगणी, गोरी, बोलायला एकेकाळी फटकळ. चाळीत असताना तात्यांच्या गाऱ्हाण्याला पहिला "व्हय म्हाराजा" माईंचा असायचा. त्यांचा आवाज बारीक पण धारदार, स्वयंपाकघरातून यायचा, हातात झारा असला तरी यायचा. त्यांचा आला की बाकीच्यांचे पाठोपाठ. त्या दोघांचं ते वाजवायला बसलेल्या भजनी मंडळासारखं जमलेलं होतं.

मग तो साथीचा काळ आला. माईंचा धाकटा भाऊ बबन, ज्याला त्यांनी आई गेल्यावर स्वतःच्या हातानं वाढवलं होतं, हॉस्पिटलात होता. आत कोणालाच सोडत नव्हते. तात्या आणि माई हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर फुटपाथवर उभे राहिले आणि तोंडाला मास्क लावून तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. माईंनी एकटीनं सगळे होकार दिले. बबन गेला. त्या दिवसापासून माई "व्हय म्हाराजा" म्हणालेल्या नाहीत. भांडल्या नाहीत, रडारड नाही, देव्हाऱ्यातले देव काढून ठेवले नाहीत. दिवा लावतात, फुलं वाहतात. फक्त गप्प झाल्या. गाऱ्हाण्यालाच नाही, एकूणच. काय हवं विचारलं तर "काय नको." कुठे जायचं विचारलं तर "कशाला." आणि तात्या? तात्या बेधडक गाऱ्हाणी घालत राहिले, पूर्वीपेक्षा दुप्पट. पण "बा देवा म्हाराजा" म्हटल्यावर ते अर्धा श्वास थांबतात, नजर आपल्या दाराकडे जाते. मग वॉचमन ओरडतो, आणि ते पुढे चालू पडतात. त्या अर्ध्या श्वासात ते कोणाची वाट पाहतात हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. बोलत कोणी नाही.

आता लंकेचं सांगते.

आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. पंचवीस वर्षांत विवेकनं मला एकदा महाबळेश्वरला आणि अनेकदा त्याच्या मावशीकडे नेलं होतं. या वेळी मी ठाम होते. श्रीलंका, फक्त आपण दोघं. समुद्र, चहाचे मळे, जंगल, हत्ती, बिबटे. विवेकनं त्यासाठी कॅमेऱ्याची एक लांबलचक लेन्सही आणली होती. एका रविवारी स्वयंपाकघरात टेबलावर टॅब ठेवून आम्ही जंगलाचे फोटो बघत होतो, तेवढ्यात माई घावनांचा डबा द्यायला आल्या. डबा ठेवून जायला वळल्या आणि थांबल्या. फोटोत हत्तींचा कळप तळ्यावर होता.

"मोकळे असतत?" माईंनी विचारलं.

"कोण? हत्ती? मोकळेच की माई. जंगल आहे ते."

"साखळी नसता?"

"साखळी कसली! राणीच्या बागेत असायची, तशी नाही तिथे."

माई थोडा वेळ फोटोकडे पाहत राहिल्या आणि गेल्या. घावनं मऊसूत होती. मी चटणी शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात तात्या. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, हातात दोन पासपोर्ट. ते कधी काढले होते देव जाणे.

"मेधा, लंकेक आमी पण येतोय."

"तात्या, अहो... आमच्या लग्नाचा पंचविसावा आहे."

"माहीत हा की! अभिनंदन. म्हणून तर येतोय. तुमच्या जोडीक सोबत नको? वर सांगून ठेवलंय."

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर!" असं म्हणून त्यांनी बोट छताकडे केलं, जिथे सातव्या मजल्यावर पाटील राहतात.

नाही म्हणायची माझी तयारी होती. विवेक म्हणाला, जाऊ दे गं, म्हातारी माणसं आहेत. विवेकला कोणीही काही मागितलं की तो देतो. बायकोची सुट्टीही देतो. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही आणि मग चार तिकिटं काढली.

विमानतळावर आमचा गाडीवाला पाटी घेऊन उभा होता. नाव सुनील. काळासावळा, कुरळ्या केसांचा, हसतमुख. नाव ऐकताच तात्यांनी त्याला मिठी मारली. "सुनील! तू खंयचो रे? मालवणात कोण आसा तुझा?"

"सर, आय ॲम फ्रॉम कँडी," सुनील म्हणाला.

"असू दे, असू दे. पोटासाठी माणूस खंय खंय जाता."

सुनील मालवणचा नाही हे तात्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. आणि सुनीलचंही चुकलंच. वाटेत एका वडाखालच्या छोट्या देवळापाशी त्यानं गाडी थांबवली, उतरून पेटीत नाणं टाकलं, हात जोडले आणि परत येऊन गाडी सुरू केली. दूरच्या प्रवासाला निघताना तिकडे तशी पद्धत आहे. तात्यांनी मागच्या सीटवरून मला कोपर मारलं. "बघितलंस? राखणदार! प्रत्येक वाटेक राखणदार असता. सांगितल्याशिवाय पुढे जायचां नाय. हो आपलोच माणूस." त्यानंतर प्रत्येक थांब्यावर सुनीलनं नाणं टाकायचं आणि तात्यांनी गाऱ्हाणं घालायचं असं ठरूनच गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुनील स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, रस्त्यावरची नजर न हलवता "व्हय म्हाराजा" म्हणायला लागला होता. उच्चार आमच्या वॉचमनपेक्षा चांगला.

खेडी बघायची म्हणून सुनीलनं आम्हाला आतल्या भागात नेलं. आणि तात्या चिडले. माडाची बनं, भातशेती, लाल माती, फणसाची झाडं, कौलारू घरं, दारात जास्वंद. "मेधा, हे काय गो? एवढां विमानात बसान, पायाक गोळे येवन, आमी पोचलो खंय तर कणकवलीक!" जेवायला माशाचं आंबट कालवण आलं, तांबड्या तांदळाचा भात आला, फणसाची भाजी आली. तात्यांनी कालवण बोटानं चाखलं, डोळे मिटले, आणि मग मात्र तिसऱ्यांदा भात घेतला.

त्या घरात मागच्या पडवीत घरची बाई लाकडी पाटावर बसून पुढच्या दातेरी पात्यावर नारळ खवत होती. पर्यटकांना दाखवायला म्हणून हळूहळू. माई दारात उभ्या राहून बघत होत्या. बघता बघता त्यांना राहवलं नाही. त्या पुढे झाल्या, त्या बाईच्या खांद्याला हात लावला, तिला उठवलं आणि स्वतः बसल्या. खसाखसा, अर्ध्या मिनिटात वाटी लख्ख. बाई हसायला लागली. तिनं दुसरी वाटी दिली, माईंनी तीही संपवली. मग दोघी काहीतरी बोलत बसल्या, एक सिंहलीत, एक मालवणीत, आणि दोघींचं छान चाललं होतं. विवेकनं फोटो काढला. तात्या माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते माईंकडे बघत होते, नुकत्याच परीक्षेला बसलेल्या मुलीच्या बापासारखे.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभयारण्य. सुनीलनं मेव्हण्याची उघडी जीप आणली होती, चालवणार स्वतःच. फाटकावर जीपांची रांग, सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे, सगळ्यांच्या तोंडी बिबट्या. तात्यांच्या हातात पिशवी होती. आत केळ्यांचा घड आणि एक नारळ.

"सर, नो फ्रूट इन पार्क. एलिफंट स्मेल," सुनील कळवळून म्हणाला.

"हां आमच्यासाठी नाय रे बाबा. हो जंगलाच्या राखणदाराचो मान. रिकाम्या हातान कोणाच्या घराक जातत काय?"

सुनीलनं हात जोडले, फाटकावरच्या माणसानं डोळे वटारले, शेवटी तडजोड अशी झाली की पिशवी फाटकावरच ठेवायची आणि परत जाताना घ्यायची. तात्यांना ते अपमानास्पद वाटलं. देवाचा मान क्लोक रूममध्ये!

आत शिरून तास झाला असेल. मोर, रानडुकरं, सुस्त मगरी. मग सुनीलचा फोन वाजला. पलीकडच्या खडकावर बिबट्या बसलाय. दोन मिनिटांत रानातल्या सगळ्या जीपा त्या दिशेला धूळ उडवत सुटल्या. विवेकनं लेन्स चढवली. पंचवीस वर्षांत मी त्याचा चेहरा इतका उजळलेला दोनदाच पाहिला असेल.

"सुनील," तात्या म्हणाले, "हत्ती खंय?"

"सर, एलिफंट अदर साइड. लाँग वे. लेपर्ड नाऊ, सर!"

"बिबळ्या बघूक लंकेक कित्याक येवक होयो? आरे कॉलनीत जा, कचऱ्याच्या डब्याकडे बसलेलो असता." आणि त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या सुनीलाची बुद्धी हत्तीच्या वाटेक लाव रे म्हाराजा!"

सुनील सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणाला. एकदा म्हटल्यावर तो तरी काय करणार? कँडीचा असो की मालवणचा, माणूस शब्दाला पक्का होता. त्यानं चाक वळवलं.

आम्ही तळ्यावर पोचलो. हत्ती नव्हते. म्हशी होत्या. लांब चोचीचे पक्षी होते. ते आमच्या शिवडीला फुकट दिसतात, असं तात्या म्हणाले, पण त्यात दम नव्हता. ऊन चढेपर्यंत बसलो, एकही हत्ती फिरकला नाही. माई तळ्याकडे बघत बसल्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "चला. नाय तर नाय." ते "नाय तर नाय" अगदी सरावाचं होतं.

फाटकावर परत आलो तर प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात बिबट्या. जांभई देणारा, अंग चाटणारा, थेट लेन्समध्ये बघणारा. विवेक लेन्स पुसत बसला. त्याची लेन्स स्वच्छच होती. तेव्हा माझा तोल गेला. माई हात-तोंड धुवायला नळाकडे गेल्या होत्या. मी तात्यांना चहाच्या टपरीआड गाठलं.

"तात्या, ही आमची ट्रिप होती. आमच्या दोघांची. तुम्ही न विचारता आलात, मी गप्प बसले. पण त्याचा बिबट्या तुम्ही कोण घालवणार? कायम आपलंच खरं करायचं, आपलंच म्हणणं सगळ्यांच्या गळ्यात मारायचं..."

तात्या ऐकून घेत होते. हे नवीन होतं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मेधा, तुझां बरोबर हा. विवेकाची माफी मागतंय मी. पण आयक गो. बबन गेलो तेव्हापासून तिनां कायेक मागाक नाय. साडी नको, गाव नको, डॉक्टर नको. मी रोज इचारतंय, ती 'नको' म्हणता. त्या दिवशी तुझ्या किचनातून इली आणि माका म्हणाली, 'लंकेत हत्ती मोकळे असतत म्हणे.' बस. एवढांच." त्यांनी टोपी काढून परत घातली. "ल्हान असताना ती बबनाक राणीच्या बागेत नेई. तो हत्तीच्या पायातली साखळी बघान रडायचो. ही तेका सांगायची, मोठो झालंस की आपण मोकळो हत्ती बघूया. माका वाटला, तां एक बघितल्यान तर... तर बोलात. माझ्याशी नाय तर नाय. कोणाशी तरी."

माझा राग नक्की कुठे गेला ते कळलं नाही. मी त्यांना चहा दिला, आणि त्यांनी तो बशीत ओतून प्यायला.

परतीचा रस्ता रानाच्या कडेकडेनं जात होता. संध्याकाळ व्हायला आली होती. तात्यांची पिशवी फाटकावरून परत मिळाली होती आणि माईंच्या पायाशी होती. वळणावर सुनीलनं करकचून ब्रेक मारला.

रस्त्याच्या मधोमध हत्ती उभा होता. एकटा, भलामोठा, अंगावर चिखल वाळलेला. सुनील मागे घ्यायला बघत होता, पण मागे ट्रक येऊन थांबला होता. हत्ती चालत आला. घाई नाही. आपल्याच अंगणात असल्यासारखा जीपच्या बाजूला आला, सोंड उचलली आणि माईंच्या बाजूनं आत घातली.

"डोन्ट मूव्ह," सुनील कुजबुजला. "बनाना. ही स्मेल बनाना."

विवेकच्या मांडीवर ती लांबलचक लेन्स होती. त्यानं तिला हातही लावला नाही. सोंड माझ्या गुडघ्यापासून वीतभर होती, तिच्यावरचे राठ केस मला दिसत होते, श्वासाचा गरम वारा लागत होता. मी तात्यांकडे पाहिलं. सहा मजले ऐकू जाणारा तो आवाज! तात्यांनी हात जोडले, तोंड उघडलं, "बा..." म्हणाले, आणि पुढे काही नाही. ओठ हलत होते. चेहरा पांढराफटक. आवाज गेला होता.

माई वाकल्या. पिशवीतून केळ्यांचा घड काढला, सोंडेपुढे धरला आणि शांतपणे बोलायला लागल्या.

"बा म्हाराजा, हो तुझोच मान. घे."

सोंडेनं घड घेतला. हत्ती खायला लागला, पण हलला नाही. माईंचा हात त्याच्या सोंडेवरच होता.

"ह्यो बसलोहा तो माझो घो. सगळ्या गावाचां मागता. स्वतःचां मागूक तेका येणा नाय. म्हणान मी मागतंय."

पुढच्या सीटवरून, मान न वळवता, सुनीलचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

"तेनां एकदा माझ्यासाठी मागल्यान. तां तू देवक नाय. तेचो राग मी हेच्यावर काढलंय. इतकी वर्सां गप्प रवलंय. हेचो काय दोष?"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. विवेकनंही म्हटलं.

"तू आयकतस की नाय, माका म्हायत नाय. पण हो आयकता. मी एकदा सहज बोललंय, तर माका समुद्रापार घेवन इलो. तर हेका बरो ठेव. हेच्या गुडघ्याक बळ दी. आणि माझ्या आधी हेका नेव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं म्हणालो. मी अडकलेल्या लिफ्टमध्ये म्हटलं होतं तसं नाही, मनापासून म्हटलं.

हत्तीनं शेवटचं केळं तोंडात टाकलं, कान हलवले आणि रस्ता ओलांडून झाडीत गेला. त्याच्या पायात काही नव्हतं. माई तो दिसेनासा होईपर्यंत बघत होत्या. मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला.

सुनीलनं जीप सुरू केली. मी रडत होते आणि ते लपवायचं मला कारण दिसत नव्हतं. मग तात्या माझ्याकडे सरकले. अजून घाम पुसत होते.

"मेधा," ते अगदी हळू म्हणाले, "ती बोलली ना गो? काय बोलली? भियान माझे कान बंद झाले. माका कायेक आयकाक येवक नाय."

मी माईंकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी माझी जागा मागितली, मी उठून पुढे सुनीलशेजारी गेले. माई तात्यांच्या शेजारी बसल्या, पदर सावरला, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला लागल्या. जीपच्या आवाजात आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते. तात्या डोळे मिटून ऐकत होते. माईंचं सांगून झालं, तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढला. माईंचे हात केळ्यानं आणि सोंडेच्या चिखलानं चिकट झाले होते, ते त्यांनी आधी एकेक बोट धरून पुसले. मग त्याच रुमालानं स्वतःचे डोळे.